तलाव एक, धनी चार

लाखनी-साकोलीकडे धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला मातीची लांब पाळ दिसते. पाळीमागे पाणी, पाण्यामागे जंगल. आमची बांधी अशाच तलावाखाली आहे. रोवणी झाली की घरातल्या सगळ्यांचे डोळे त्या पाण्याकडे लागतात.

गोंड राजवटीत कोहळी समाजाने हे तलाव बांधले. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत. 1860 च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत, पक्की केली आणि तलाव मालगुजाराच्या नावे लागले. पाणी, चराई, सरपण यांवरचे गावाचे हक्क वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदवले गेले. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की लोक गाळ खणून बंडीने बांधीत टाकत. तलाव खोल राही, धानाला खत मिळे. त्या व्यवस्थेत वेठबिगारही होती, ती गेली हे फार चांगले झाले. पण जंगल, पाणी आणि शेत यांचा विचार तेव्हा एकत्र होई.

1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. आज आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. जमिनीची नोंद महसूलकडे, वरचे जंगल वनखात्याकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कक्षेत. वरच्या अंगाचे झुडपी जंगल तर महसुली दफ्तरातले; ते वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितले. जंगल विरळ झाले की पावसाची माती तलावात उतरते, गाळावर बेशरम ही वनस्पती माजते, पाणी कमी साठते. ऑक्टोबरात धान निसवताना शेतकऱ्याला पाणी सोडून हवे असते, मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मासे वाढेपर्यंत राखून. दोघांची गरज खरी आहे. हा प्रश्न एका खात्याच्या फायलीत सुटणारा नाही.

एकत्र बसण्याची वाट कायद्याने दाखवली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने जलाशयातल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केला. दावा ग्रामसभेतून निघतो आणि महसूल, वन, आदिवासी विकास या खात्यांचे अधिकारी व जिल्हा परिषदेचे सदस्य असलेल्या समित्यांपुढे येतो. मामा तलावांनाही असाच मेळ हवा. दर उन्हाळ्यात जिल्हा परिषद किंवा पाटबंधारे, महसूल, वन आणि मत्स्यव्यवसाय या चारही धन्यांनी ग्रामसभेसमोर बसून गाळ, जंगल, पाणी आणि मासे यांचा एकच आराखडा करावा. शेतकरी आणि ढिवर दोघांच्याही संमतीशिवाय तो मंजूर होऊ नये.