घर गेलं, किल्ली उरली

आज आपण इतिहास बोलणार आहोत, पण राजेरजवाड्यांचा नाही. राहतं घर सोडावं लागलेल्या माणसांचा.

७ मे १९७०. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी आपल्या भिवंडीत दंगल उसळली. त्यानंतर हिंदी लेखक भीष्म साहनी आपले भाऊ, अभिनेते बलराज साहनी यांच्याबरोबर इथे आले. जळकी घरं, ओस गल्ल्या बघून त्यांना आपलं रावळपिंडी आठवलं. तिथली मार्च १९४७ ची दंगल त्यांनी पाहिली होती. मग फाळणी झाली आणि ते गाव कायमचं सुटलं. तेवीस वर्षांनी भिवंडीत ती जखम पुन्हा उघडली आणि ‘तमस’ ही कादंबरी लिहून झाली. तमस म्हणजे काळोख. १९८८ साली गोविंद निहलानींनी ती दूरदर्शनवर आणली.

त्यात हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारं शीख जोडपं आहे. दंगलीत चहाचं दुकान सोडून दोघं पळतात. परक्या गावात राजो नावाची मुसलमान बाई त्यांना घरात लपवते. थोड्या वेळाने राजोचा नवरा लुटीची ट्रंक घेऊन येतो. सून कुलूप फोडू लागते. ट्रंक हरनामसिंगचीच! तो पुढे होतो आणि म्हणतो, कुलूप तोडू नका, ही घ्या किल्ली.

त्या किल्लीत सगळा संसार आला. एका वस्तूने एवढं मोठं दुःख सांगायचं, यालाच साहित्यात प्रतीक म्हणतात. आपल्याला ते नवं नाही. सासरचा जाच उघड बोलायची सोय नव्हती, तेव्हा बायकांनी तो जात्याला सांगितलाच की!

किल्लीची हीच गोष्ट पॅलेस्टाईनमध्येही आहे. १९४८ साली तिथल्या सुमारे सात लाख लोकांची घरं सुटली. चार दिवसांत परतू म्हणून अनेकांनी किल्ल्या सोबत नेल्या. आज त्या नातवंडांनी जपल्यात. लेखक घसान कनफानी तेव्हा बारा वर्षांचे होते. ‘हैफाला परतताना’ या त्यांच्या कथेत एक जोडपं वीस वर्षांनी आपलं घर बघायला जातं. गडबडीत मागे राहिलेलं त्यांचं तान्हं बाळ आता दुसऱ्या आईचा मुलगा झालेला असतो. ती आईसुद्धा युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलीत आपली माणसं गमावून आलेली. एकाच घरात दोन जखमा. कुणाची मोठी म्हणायची?

‘तमस’च्या शेवटी एक बाबू नुकसानीची नोंद करतो. माणसं मन मोकळं करायला येतात, त्याला फक्त आकडे हवे असतात. आकडे लागतातच, त्याशिवाय भरपाई मिळत नाही. पण किल्ली कोणत्या रकान्यात लिहायची? जे रकान्यात मावत नाही, ते गोष्टीत येतं.

आणखी एक. ‘तमस’मधला वणवा मशिदीच्या पायरीवर टाकलेल्या मेलेल्या डुकरापासून पेटतो. ते कुणी टाकलं, हे कुणी शांतपणे विचारत नाही. भिवंडीने १९८४ मध्ये पुन्हा दंगल सोसली. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं एकत्र बसून विचारू लागली, अफवा आली कुठून? १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आपल्या गटाच्या बैठकीतही हिशेब झाल्यावर थोडा वेळ ठेवू या. धरणात, दंगलीत, दुष्काळात जिचं घर सुटलं, तिला विचारू या: बाई, येताना तू काय बरोबर आणलंस? आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐकू या.