डिझेल इंजिनाचे आयुष्य

डिझेलचे इंजिन म्हणजे दीर्घायुषी, असे आपण सहज गृहीत धरतो. अमेरिकेतील पिकअप ट्रकांचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथील कारखानदारांना डिझेलची निकड भासू लागली. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने १९७८ साली ५.७ लिटरचे इंजिन बाजारात आणले. मोटारींप्रमाणे हलक्या पिकअप ट्रकांतही ते बसविले गेले. त्याचा सांगाडा पेट्रोल इंजिनाहून भक्कम होता. पण जुनीच यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून सिलिंडरचे हेड आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवाच दाबून इतकी तापवावयाची, की फवारलेले तेल आपोआप पेटावे. येथे हवा बाविसाव्या हिश्श्याहून कमी जागेत कोंडली जाई. बोल्ट ताणले जात, गॅस्केट फुटे, पाणी सिलिंडरात शिरे. इंधनातले पाणी वेगळे करणारे साधनही काटकसरीपायी वगळलेले! आम्हां कचेरीतल्या माणसांना ही काटकसर ओळखीची आहे. १९८५ साली हे इंजिन बंद झाले. मोटारीतील डिझेल मात्र गिऱ्हाइकाच्या मनातून दीर्घकाळ उतरले.

१९८९ साली डॉज कंपनीच्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन आले. ते मुळातच डिझेलसाठी, शेतीच्या व उद्योगधंद्यांच्या यंत्रांकरिता घडविलेले. एका रांगेत सहा सिलिंडर, सात मुख्य बेअरिंगे, आणि कॅमशाफ्ट फिरविण्यास पट्टा वा साखळी नसून दातेरी चक्रे. वजनाने जड, आवाजाने कर्कश. पण दोन-तीन लाख मैल धावलेली अशी इंजिने आजही रस्त्यावर आढळतात.