टाळ्यांविना मैफल

युरोपात एखाद्या जुन्या नाट्यगृहाचा वर्धापनदिन असला की मोठा थाट असतो. काळे सूट, पायघोळ झगे, मध्यंतरात उंच पेल्यांतून शँपेन आणि महापौरांचं (हमखास लांबलेलं) भाषण. ड्रेस्डेनच्या जगप्रसिद्ध ऑपेरागृहाचा, म्हणजे झेम्पर ऑपेराचा, वर्धापनदिन १३ फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी शहरात मैफलही असते आणि तिकिटंही आधीच संपलेली असतात, पण टाळी मात्र एकही वाजत नाही.

कारण सांगतो. आज उभी असलेली वास्तू १३ फेब्रुवारी १९८५ ला उघडली. ही तारीख मुद्दाम निवडलेली होती. त्याच्या बरोबर चाळीस वर्षं आधी, १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री, बाँबहल्ल्यात आधीची वास्तू जळून गेली होती. म्हणजे या थिएटरची जन्मतिथी आणि पुण्यतिथी एकच! अशा दिवशी करायचं काय? ड्रेस्डेनचा एकेकाळचा शाही वाद्यवृंद, म्हणजे श्टाट्सकापेले, १९५१ पासून या तारखेच्या आसपास स्मृतिमैफल करतो. पहिल्या वर्षी रुडॉल्फ केम्पेच्या हाताखाली वेर्दीचं रिक्विएम झालं. ऑपेरागृह तेव्हा नुसतं भिंतींचं खोकं होतं, त्यामुळे ती मैफल दुसरीकडे झाली. तेव्हापासूनचा पायंडा असा, की संगीत संपलं की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, काही क्षण गप्प राहायचं आणि तसंच बाहेर पडायचं.

मी इथे पीएचडीसाठी आलो आणि मग नोकरीच्या निमित्ताने राहिलो. प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे जादा तिकीट होतं म्हणून मी पहिल्यांदा गेलो. त्याने ट्राममध्येच बजावलं होतं, तरी शेवटचा स्वर विरला तेव्हा हात शिवशिवलेच. नाट्यपदाला 'वन्स मोअर' देत वाढलेल्या माणसाला ही शिक्षाच. पण तेराशे माणसं एकदम उभी राहिल्यावर खुर्च्यांचा जो आवाज झाला आणि त्यानंतर जी शांतता पसरली, ती अजून कानात आहे. कोणी खोकलंसुद्धा नाही. (जर्मन मैफलीत हे नवलच. इथे दोन तुकड्यांच्या मध्ये खोकायची जणू स्पर्धा असते.)

आता या वास्तूची कुळकथा. गॉटफ्रीड झेम्पर हा १८०३ सालचा, मूळचा हॅम्बुर्गचा. १८३४ मध्ये तो ड्रेस्डेनला वास्तुकलेचा प्राध्यापक झाला आणि १८४१ मध्ये त्याचं पहिलं थिएटर उघडलं. रिशार्ड वॅग्नरचे तीन ऑपेरा इथेच पहिल्यांदा झाले : 'रिएन्झी' १८४२ मध्ये, 'फ्लाइंग डचमन' १८४३ मध्ये आणि 'टानहॉयझर' १८४५ मध्ये. झेम्पर आणि वॅग्नर दोघेही राजाच्या पगारावर होते, आणि १८४९ च्या मे महिन्यात दोघेही राजाविरुद्धच्या उठावात सामील झाले. वॅग्नर चर्चच्या मनोऱ्यावरून टेहळणी करत होता. झेम्परला बंडखोरांनी रचलेला रस्त्यावरचा अडथळा कच्चा वाटला आणि त्याने तो नीट बांधून दिला. वास्तुविशारद तो वास्तुविशारदच! उठाव मोडला, दोघांवर अटकेचं वॉरंट निघालं, दोघे पळाले. झेम्पर पॅरिस, लंडन करत शेवटी झुरिकच्या नव्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाला.

१८६९ च्या सप्टेंबरमध्ये दुरुस्ती चालू असताना कामगारांच्या हयगयीने थिएटर पेटलं आणि भुईसपाट झालं. लोकांनी हट्ट धरला की नवं थिएटर झेम्परनेच बांधावं. वॉरंट तोवर रद्द झालं होतं, पण म्हातारा काही ड्रेस्डेनला राहायला परत आला नाही. त्याने नकाशे आणि पत्रं पाठवली आणि मुलगा मानफ्रेड याने जागेवर उभं राहून १८७१ ते १८७८ अशी सात वर्षं बांधकाम करून घेतलं. पत्राने बांधलेलं ऑपेरागृह! पुढे याच दुसऱ्या वास्तूत रिशार्ड श्ट्राउसचे 'सालोमे' (१९०५), 'एलेक्ट्रा' (१९०९) आणि 'रोझेनकाव्हालिअर' (१९११) पहिल्यांदा रंगमंचावर आले. त्याच्या पंधरा ऑपेरांपैकी नऊ ऑपेरांचा पहिला प्रयोग ड्रेस्डेनचा आहे.

इंजिनियरची नजर म्हणून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे रंगमंचाच्या वरचं घड्याळ. त्याला काटे नाहीत. दोन खिडक्या आहेत, डावीकडे रोमन अंकात तास आणि उजवीकडे पाच-पाचच्या टप्प्याने मिनिटं. शेवटच्या रांगेतूनही अंधारात वाचता यावं, म्हणून राजदरबारचा घड्याळजी गुटकेस याने १८४१ च्या थिएटरसाठी ही युक्ती काढली. त्याच्या हाताखाली फर्डिनांड आडोल्फ लांगे नावाचा तरुण होता. तोच पुढे ग्लासह्युटेला गेला आणि तिथल्या प्रसिद्ध घड्याळ उद्योगाचा पाया घातला. अंकांनी वेळ दाखवणारं घड्याळ म्हणजे क्वार्ट्झ आणि जपान, अशी माझी समजूत हे घड्याळ पाहीपर्यंत होती.

दुसरी गोष्ट, इथला संगमरवर. जिन्यापाशी हिरवट-तपकिरी झळाळते खांब आहेत. त्यांतले बरेचसे म्हणजे रंग मिसळून घोटलेला गिलावा. लाकडी वाटणाऱ्या तक्तपोशीतही लाकडाऐवजी रंगवलेलं प्लास्टर आहे. झेम्परने स्वतःच हे तसं केलं होतं. १९७७ मध्ये पुनर्बांधणी सुरू झाली तेव्हा पूर्व जर्मनीतल्या कारागिरांना हे विसरलेलं तंत्र नव्याने शिकावं लागलं. वोल्फगांग हेन्श हा त्या कामाचा वास्तुविशारद. म्हणजे मूळ वास्तूतला नकली संगमरवर त्यांनी अस्सल पद्धतीने पुन्हा नकली केला. मग ही वास्तू खरी की प्रतिकृती? हा वाद इथे आजही रंगतो. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. आमच्या विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी सभागृहाच्या आवाजाचं गणित बसवलं, खुर्च्या कमी केल्या गेल्या, रंगमंचामागची सोय वाढली. ऐकायला गेलेल्या माणसाला एवढं पुरेसं आहे.

उद्घाटनाला वेबरचा 'फ्रायशुट्स' ठेवला होता, कारण ३१ ऑगस्ट १९४४ ला, युद्धापायी जर्मनीतली सगळी थिएटरं बंद झाली त्याआधी, इथे शेवटचा प्रयोग त्याचाच झाला होता. जिथे थांबलो तिथूनच पुढे, असा अर्थ. कल्पना सुंदर आहे, पण माझं खटकणं इथूनच सुरू होतं. थांबलं ते खरंच १९४४ मध्ये का?

७ मार्च १९३३ ला फ्रिट्झ बुश हा इथला संगीतप्रमुख 'रिगोलेत्तो'साठी उभा राहिला आणि प्रेक्षागृहात बसलेल्या नाझींनी आरडाओरड करून त्याला हाकलून लावलं. बुश ज्यू नव्हता. त्यांच्या तालावर नाचत नव्हता, एवढंच. हे लोक बाहेरच्या विमानांतून आलेले नव्हते, तिकीटघराच्या दारातून आत आले होते. १९३५ मध्ये श्ट्राउसच्या 'मौनी बायको'वरच्या ऑपेराचं कथानक श्टेफान झ्वाइगने लिहिलं होतं. तो ज्यू, म्हणून जाहिरातीतून त्याचं नाव गाळलं होतं. श्ट्राउसने हट्टाने ते परत घालायला लावलं. थोडेच प्रयोग झाले आणि ऑपेरावर बंदी आली.

आणि १३ फेब्रुवारी? त्या रात्री सुमारे आठशे ब्रिटिश विमानांनी दोन लाटांत शहर जाळलं, पुढच्या दोन दिवसांत अमेरिकन विमानं आली. गोबेल्सच्या खात्याने मृतांचा आकडा फुगवून दोन लाखांवर नेला आणि तो पुढे कित्येक दशकं फिरत राहिला. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये अहवाल दिला, त्यानुसार जास्तीत जास्त पंचवीस हजार. पंचवीस हजार माणसं काय कमी आहेत? पण फुगवलेला आकडा ज्यांना हवा असतो त्यांना माणसांशी देणंघेणं नसतं. कम्युनिस्ट सरकारने ही तारीख 'अँग्लो-अमेरिकन' शत्रूविरुद्ध वापरली, नंतर नवनाझींनी तिचे मोर्चे केले. २०१० पासून सामान्य नागरिक हातात हात घालून जुन्या शहराभोवती मानवी साखळी करतात, ती या मोर्च्यांना उत्तर म्हणून. मीही उभा राहिलो आहे. थंडीत हातमोजे काढवत नाहीत, त्यामुळे शेजारच्या आजींशी माझी ओळख लोकरीपुरतीच. २०१४ च्या डिसेंबरात परदेश्यांविरुद्धचा मोर्चा ऑपेरासमोरच्या चौकात भरला तेव्हा ऑपेराने आपले दिवे बंद केले होते. मोर्चाला पाठीमागे सुंदर देखावा मिळू नये म्हणून!

त्याच १३ फेब्रुवारीला, बाँब पडायच्या आधी, दिवसभर एक वृद्ध गृहस्थ शहरात दारोदार पत्रं वाटत होते. व्हिक्टर क्लेम्पेरर. मी जिथे शिकलो त्याच विद्यापीठात ते फ्रेंच साहित्य शिकवत. १९३५ मध्ये ज्यू म्हणून त्यांना काढलं. पत्नी ज्यू नसल्यामुळे ते तोवर वाचले होते. ती पत्रं शहरात उरलेल्या ज्यूंसाठी होती : तीन दिवसांनी 'कामासाठी' हजर व्हा. याचा अर्थ काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. रात्री शहर जळालं. त्या गोंधळात क्लेम्पेरर यांनी कोटावरचा पिवळा तारा काढून टाकला आणि ते निसटले. म्हणजे ज्या रात्रीसाठी आपण उभं राहून मौन पाळतो, त्याच रात्रीने त्यांचा जीव वाचवला. त्यांची रोजनिशी १९९५ मध्ये छापली गेली, तेव्हा ड्रेस्डेनच्या या तारखेकडे बघणं अनेकांना नव्याने शिकावं लागलं.

पहिलं थिएटर उभं राहत असतानाच झेम्परने याच शहरात आणखी एक इमारत बांधली होती, ज्यूंचं सिनॅगॉग. ते १८४० मध्ये पूर्ण झालं. थिएटरपासून एल्ब नदीच्या काठाने चालत गेलं तर जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ते जाळलं, आणि जाळणारे शहरातलेच होते. अवशेष पाडले आणि पाडायचा खर्च ज्यू समाजाच्याच माथी मारला. थिएटर पूर्वीसारखं व्हावं म्हणून गिलाव्याचं तंत्र शोधून काढणाऱ्या शहरात सिनॅगॉगची जागा मात्र २००१ पर्यंत तशीच होती. नवं सिनॅगॉग ९ नोव्हेंबर २००१ ला उघडलं. ते झेम्परसारखं अजिबात नाही. दगडी विटांचा बंद ठोकळा आहे. जागा तिरकी, आणि प्रार्थनेची दिशा तर पूर्वच हवी, म्हणून प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित वळवत नेला आहे. पाया रस्त्याकडे आणि माथा पूर्वेकडे, अशी पिळलेली भिंत. मला ती झेम्परच्या वास्तूइतकीच आवडते. अंगणात जुन्या इमारतीचा आराखडा काचेच्या तुकड्यांनी आखला आहे. जुन्या वास्तूवरचा सोनेरी तारा मात्र वाचला, कारण आल्फ्रेड नॉयगेबाउअर नावाच्या अग्निशामक दलातल्या एका जवानाने तो उचलून नेऊन लपवून ठेवला आणि युद्धानंतर ज्यू समाजाला परत दिला. आता तो दाराच्या वर आहे.