बटणामागची एक ओळ

पहिल्या नोकरीत मी अकाउंट्समधल्या एका ताईंसाठी छोटीशी खिडकी बनवली होती. महिनाअखेरीला काळ्या पडद्यावर एक कमांड चालवायला त्यांना कुणातरी इंजिनिअरला शोधावं लागायचं. आता एकच बटण होतं : ‘बिलं तयार करा’. त्यांनी ते दाबलं आणि खिडकी गोठली. “अरे, माझ्या हातून काही बिघडलं का?” त्यांनी घाबरून विचारलं. बिघडलं होतं माझ्या हातून. कारण शोधत मी थेट १९८७ सालात पोचलो.

त्या वर्षी अ‍ॅपलचं हायपरकार्ड आलं. बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक जॉन ऑस्टरहाउट यांना ते पाहून काळजी वाटली : असे देखणे प्रोग्रॅम बनवायला इतकी माणसं लागणार असतील, तर आमच्यासारख्या छोट्या गटांनी काय करायचं? त्यांचं उत्तर होतं, तयार तुकडे जोडायचे. जोडायला डिंक म्हणून त्यांना ‘टीसीएल’ उपयोगी वाटली; ही भाषा त्यांनी १९८८मध्ये लिहायला घेतली. तिचा उच्चार ‘टिकल’. त्याच वर्षाच्या अखेरीस खिडक्या आणि बटणांसाठी ‘टीके’चं काम सुरू झालं.

बटण काय लिहिलेलं दाखवेल आणि दाबल्यावर कोणती कमांड चालेल, हे टीकेमध्ये एका ओळीत सांगता येतं. १९९८च्या एका लेखात ऑस्टरहाउट यांनी हिशोबच मांडला : टिकलमध्ये जे एका ओळीत होतं, त्याला सी प्लस प्लस आणि मायक्रोसॉफ्टची लायब्ररी वापरून सुमारे २५ ओळी लागतात. त्या एका ओळीत ‘एक्झेक’ लिहिलं, की बटण बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम चालवू शकतं. युनिक्सचे जुने, काळ्या पडद्यावरचे प्रोग्रॅम असे माउसच्या टप्प्यात आले.

पण साधा एक्झेक प्रोग्रॅम संपेपर्यंत थांबून राहतो. खिडकीचा सगळा कारभार एकच चक्र सांभाळतं : क्लिक ऐकणं, चित्र पुन्हा रंगवणं. किराणा दुकानातला एकटा माणूस गोदामात गेला, तर गल्ल्यावर कोण बसणार? माझी खिडकी पायथनमधल्या टीकिंटरची होती, म्हणजे आत तेच टीके आणि तेच चक्र. माझा माणूस गोदामात अडकला होता.

उपायही टिकलमध्ये आहे. प्रोग्रॅम पाइप लावून सुरू करायचा आणि चक्राला सांगून ठेवायचं, ‘तिकडून काही आलं, की मला हाक मार.’ युनिक्समध्ये पाइप १९७३पासून आहेत. इथे त्यांचं दुसरं टोक खिडकीला जोडलं जातं.

मीही पायथनमध्ये तसंच केलं. काम चालू असताना बटण फिकं होतं आणि खाली एकेक ओळ उमटत जाते. कमांड लपवली म्हणजे काम सोपं झालं, अशी माझी समजूत होती. खरं तर मी ताईंपासून प्रोग्रॅमचं बोलणंच लपवलं होतं, म्हणून दोष त्यांनी स्वतःकडे घेतला.

पुढच्या महिन्यात काम मध्येच अडलं. ताईंनी खालची ओळ वाचली आणि म्हणाल्या, “या पार्टीचा जीएसटी नंबर चुकलाय.” त्यांनी तो दुरुस्त केला आणि बटण पुन्हा दाबलं. मला हाक मारली नाही.