सेवाग्रामच्या वाटेवरचा पियानो

सेवाग्रामला बापूकुटी पाहायला येणाऱ्यांना मातीच्या भिंती दिसतात, चरखा दिसतो. ही कुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी उभी राहिली, हेही पुष्कळांना ठाऊक असते. मात्र या गावापर्यंत त्यांना आणणाऱ्या वाटेवर एक पियानो होता आणि आज विस्मरणात गेलेला एक संगीतकारही होता, हे आमच्या वर्ध्यातसुद्धा क्वचितच बोलले जाते. गांधींविषयीचे साहित्य मी अनेक वर्षे वाचत आलो. पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मात्र मला नाही. म्हणून या विषयाकडे मी आपल्या ओळखीच्या पेटीच्या अंगाने जातो.

पेटी हे साथीचे वाद्य. गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी गळ्यातली गायकी बोटांवर आणून पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पेटीत मींड निघत नाही. तरीही जाणता वादक ऐकणाऱ्याला मूळ गाण्यापर्यंत नेतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात पियानोने असेच काम केले. ग्रामोफोन नव्हता. सिम्फनी ऐकायची तर मोठे शहर हवे आणि पन्नास-साठ वादकांचा ताफा हवा. फ्रांझ लिस्ट (1811–1886) यांनी बीथोव्हनच्या नऊही सिम्फनी एकट्या पियानोसाठी उतरवल्या. त्यांचा पूर्ण संच 1865 मध्ये प्रसिद्ध झाला. अख्ख्या वाद्यवृंदाचा भार दोन हातांवर आला. ही रूपांतरे वाजवायला आजही अवघड मानली जातात.

या लिस्ट यांच्या अखेरच्या शिष्यांपैकी एक फ्रेडरिक लॅमंड. जन्म 1868, स्कॉटलंडमधील ग्लासगो. 1885 मध्ये ते वायमारला लिस्ट यांच्याकडे शिकायला गेले. त्यांनी स्वतःही सिम्फनी लिहिली, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखावर वाद्यवृंदाची रचना केली. त्या रचना मागे पडल्या. नाव राहिले ते बीथोव्हन वाजवणारे म्हणून.

मॅडेलिन स्लेड, म्हणजे पुढच्या मीराबेन, यांचा जन्म 1892 चा. वडील ब्रिटिश नौदलात ॲडमिरल. पंधराव्या वर्षाच्या सुमारास घरी यांत्रिक पियानो आला. भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालणाऱ्या त्या यंत्रावर त्यांनी बीथोव्हनचा ओपस 31 मधला दुसरा सोनाटा ऐकला आणि त्यांना बीथोव्हनचा ध्यास लागला. पुढे लॅमंड यांचे वादन त्यांच्या कानी पडले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मनीविषयीचा राग ताजा होता आणि लॅमंड यांची कारकीर्द घडली होती ती जर्मनीत. अशा काळात मॅडेलिन यांनी पुढाकार घेऊन लंडनमध्ये त्यांचे कार्यक्रम घडवून आणले. बीथोव्हनच्याच ओढीने त्या त्याचे चरित्रकार रोमां रोलां यांच्यापर्यंत पोचल्या. रोलां यांनी त्यांना आपल्या गांधीचरित्राविषयी सांगितले. 7 नोव्हेंबर 1925 रोजी मॅडेलिन साबरमतीला दाखल झाल्या.

डिसेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधी स्वित्झर्लंडमध्ये व्हिलनव्हला रोलां यांच्याकडे राहिले. मीराबेन सोबत होत्या. मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी गांधींनी थोडे बीथोव्हन ऐकवायला सांगितले. रोलां यांनी पाचव्या सिम्फनीतला संथ भाग पियानोवर वाजवला आणि नंतर ग्लुकच्या ‘ऑर्फियस’मधला एक भाग. दोन्ही रचना मुळात वाद्यवृंदाच्या. गांधींसमोर बीथोव्हनची सिम्फनी आली ती अशी, एका लेखकाच्या दोन हातांतून. मीरा आणि आपण यांच्यामधला दुवा बीथोव्हन आहे, हे गांधी जाणून होते, असे रोलां यांनी लिहून ठेवले आहे.

त्यानंतर पाच वर्षांच्या आत मीराबेन सेगावात होत्या. गांधी तिथे राहायला आले ते 30 एप्रिल 1936 रोजी, त्यांच्या मागोमाग. 1940 मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले.

‘मूळ ते मूळ, बाकी नक्कल’ असे आपण सहज म्हणतो. हा प्रवास पाहिल्यावर मला ते पटत नाही. कागदाच्या गुंडाळीने एका मुलीला हलवले, लॅमंड यांच्या बोटांनी तिला रोलांपर्यंत नेले आणि रोलां यांच्या बोटांनी सिम्फनी गांधींपर्यंत नेली. वाद्यवृंद जिथे पोचणार नव्हता तिथे हे दुसरे हात पोचले.

मीराबेन यांच्याविषयी लिहिताना गांधींपूर्वीचे आयुष्य पुसून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. ऐषआराम सोडला, केस कापले, खादी नेसली, एवढ्यावर ते आटोपते. त्यांनी स्वतः बीथोव्हनला पुसून टाकले नाही. 1959 मध्ये भारत सोडल्यावर त्या ऑस्ट्रियात, बीथोव्हन जिथे भटकत असे त्या व्हिएन्नाजवळच्या मुलखात राहिल्या आणि त्याच्यावर लिहीत राहिल्या. 1982 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. लॅमंड गेले होते 1948 मध्ये, गांधी गेले त्याच वर्षी.

बापूकुटीत ‘इंग्लंडच्या ॲडमिरलची मुलगी’ एवढीच ओळख सांगितली जाते. तिला जोडून ग्लासगोच्या त्या पियानोवादकाचेही नाव आपण घ्यायला हरकत नाही.