जाळे, पाणी आणि छायाचित्र

मासेमार म्हटला की किनारपट्टीवर वाढलेल्या आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. परंतु समुद्राचे दर्शनही न घडलेला मासेमार महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे रेणा नदीचे गाव. ही नदी पुढे मांजरेला मिळते. मराठवाड्यातील अशा नद्या-तलावांवर भोई समाज जाळे टाकीत आला. एके काळी पालख्या-मेणेही त्यानेच वाहिले. त्याच्या रोजच्या कष्टांचे चित्र इतिहासाने कितपत जपले, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढे विल्यम जॉन्सन यांनी पश्चिम भारतातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक माणसांची छबी स्टुडिओत टिपून मागाहून तिच्यापाठी निराळा देखावा जोडलेला आहे. वेश दिसतो, चेहरा दिसतो. काम मात्र दिसत नाही. पाण्यापासून तोडलेला मासेमार हा अर्धाच मासेमार नव्हे काय?

रेणापूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे थोर कलावंत. त्यांच्या कॅमेऱ्याने प्रामुख्याने महाल, मेजवान्या, शिकारी व लष्करी संचलने टिपली. पालखीतला धनी चित्रात आला, तरी खांदा देणाऱ्याचे नाव चित्राखाली क्वचितच लिहिले जाई.

आज छायाचित्र स्वस्त झाले आहे. पाणी मात्र महाग. तलावाचा ठेका घेऊन मच्छीमार संस्था रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडतात. तलाव आटला की बीजही गेले आणि वर्षाची मजुरीही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिची चित्रे देशभर छापली गेली. कोरड्या काठावर जाळे गुंडाळून ठेवणारा मासेमार मात्र त्यांत आमच्या पाहण्यात आला नाही.

प्रभूने आपले पहिले शिष्य जाळ्यांपाशीच निवडले, हे आपण जाणतोच. तरीही आपल्या घरच्या पेट्या उघडून पाहाव्यात: बाप्तिस्म्याची व लग्नाची छायाचित्रे सापडतील; डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली आजी क्वचितच सापडेल. तिचे कष्ट चित्रास अपात्र आहेत, असे आपणच मानले. ही चूक सुधारणे अद्यापि आपल्या हाती आहे. वडीलधारी मंडळी कामात असताना, त्यांची अनुमती घेऊन, छायाचित्र काढावे. त्यामागे नाव, गाव व साल लिहून ठेवावे. रेणेच्या काठी काय अन् आपल्या बंदरावर काय, पाणी ओसरल्यावर तेवढीच साक्ष उरणार आहे.