गोखल्यांच्या शब्दावर गेलेला पाद्री

मागच्या वेळी भोरच्या मंडळींनी विचारलं होतं, की परदेशात दबलेल्या लोकांसाठी चर्च बोलतं, त्याचा आपल्याशी काय संबंध? आज त्याबद्दलच बोलू. संबंध पुण्यातूनच जातो.

१९१३ साली दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांचा एक निवाडा आला. ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करायची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीनं लागलेलं लग्न तिथल्या कायद्यानं मानायचं नाही. म्हणजे बघा, हिंदू-मुसलमान घरातली बाई एका कागदानं रखेल ठरली. त्यातच करार संपवून तिथंच राहिलेल्या मजुरावर आणि त्याच्या घरच्यांवर वर्षाला ३ पौंडांचा कर होता. वर्षाच्या शेवटी नाताळमधले खाणकामगार, उसाच्या मळ्यातले मजूर हजारोंनी संपावर गेले.

इकडे नामदार गोखले मधुमेहानं खंगलेले, तरी निधीसाठी गावोगाव फिरत होते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातले अँग्लिकन धर्मोपदेशक चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांनी आपली शिल्लक त्यांच्यापुढे ठेवली. गोखल्यांनी त्यांना सांगितलं, पैसे राहू द्यात, तुम्हीच जा. विल्यम पिअर्सन यांना बरोबर घेऊन ते निघाले आणि जानेवारी १९१४ च्या सुरुवातीला दरबानला उतरले. धक्क्यावर गांधींना वाकून नमस्कार केला, पायांना हात लावून. तिथल्या गोऱ्यांना ते भलतंच झोंबलं.

आम्हाला यातली गंमत नेहमी बोचते. ज्या निवाड्यानं ख्रिस्ती लग्न तेवढं निर्धोक राहिलं, त्याविरुद्ध उभा राहायला ख्रिस्ती पाद्रीच गेला. आणि रविवारी प्रार्थनेला बसणारे मळेवाले तरी कोण होते? त्याच धर्माचे. मग 'चर्च बोललं' असं म्हणायचं कशाच्या आधारावर? जोहान्सबर्गचे बाप्टिस्ट धर्मगुरू जोसेफ डोक यांनी १९०८ मध्ये मार खाल्लेल्या गांधींना घरी नेऊन सांभाळलं, पुढच्या वर्षी त्यांचं पहिलं चरित्र लिहिलं. पण तेही एकटेच. आमचा स्वतःचा समज असा, की संस्था सहसा उशिरा बोलते. आधी तिच्यातला एखादा माणूस बोलतो आणि बाकीच्यांना अवघडून टाकतो. १९१४ च्या कायद्यानं ३ पौंडांचा कर गेला, लग्नांना मान्यता मिळाली. श्रेय मुख्यतः संपकऱ्यांचं, हे विसरायचं नाही.

फिजीचं प्रकरण याहून कठीण. तिथं १८७९ पासून पाच वर्षांच्या करारावर सुमारे ६०,००० माणसं नेली. त्या कराराला मजूर 'गिरमिट' म्हणत. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असा भरतीचा नियम. त्यातून काय घडलं असेल ते सांगायला नको. मेथडिस्ट मिशनरी जे. डब्ल्यू. बर्टन यांनी १९१० मध्ये यावर पुस्तक लिहिलं. गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धत समूळ बंद करा असा ठराव मांडला. २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. त्याच वर्षी अँड्र्यूज आणि पिअर्सन फिजीला गेले, मजुरांच्या चाळी बघितल्या, अहवाल लिहिला. १९१७ मध्ये मजूर पाठवणं थांबलं आणि १ जानेवारी १९२० ला उरलेले करारही रद्द झाले. एक बारीक गोष्ट: तोवर अँड्र्यूज यांनी धर्मोपदेशकाचं काम थांबवलं होतं. म्हणजे फिजीला गेला तो पाद्री की नुसता माणूस? ज्यांना तत्त्वज्ञानाची खाज आहे त्यांनी घरी विचार करावा.

व्याख्यान संपल्यावर वेल्ह्याकडच्या एका शिक्षिकेनं आम्हाला विचारलं, "सर, आमच्या वर्गातली कातकरी मुलं दिवाळीनंतर दिसत नाहीत. आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळसा पाडायला जातात. हे गिरमिट नव्हे का?" आम्ही म्हणालो, १९७६ चा वेठबिगारी बंदीचा कायदा आहे. त्या म्हणाल्या, "कायदा आहे हो, पण भट्टीवर जाऊन बघायला कोण येतं?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या शाळेत जायचं ठरवलंय, हजेरीपट बघायला.